मिठावरचा आळ

भागवत मिस्त्री आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात येतात, शेगडीची राख काढतात, आतलं भांडं बोटाच्या पेरानं वाजवून बघतात आणि चहा न घेता निघून जातात. चहा पुढे केला तर म्हणतात, "आत्ताच घेतला बाई." कुठे घेतला? येताना रस्त्यात एकही टपरी लागत नाही. मी विचारत नाही. विचारायला मला तोंड उरलेलं नाही, आणि का उरलं नाही तेच इथे लिहायचं आहे.

मी सुचित्रा, मूळची नगरची. अडतीस वर्षं मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर घरात बसून मालिका बघण्याचा वैताग आला, म्हणून तिसगावजवळच्या या खेड्यात हंगामी वसतिगृह सांभाळायला आले. हंगामी अशासाठी, की दिवाळीनंतर इथले आईबाप कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या बाजूला जातात ते पाडव्याच्या आगेमागे परततात. तेवढे पाच महिने त्यांची साठ पोरं आमच्याकडे राहतात, जेवतात, शिकतात. मला सगळे 'मोठ्या बाई' म्हणतात. स्वभाव तापट. समोरचा चुकला की जागच्या जागी झाडते. स्वतः चुकल्यावर काय करायचं असतं, त्याचा मात्र सराव नव्हता.

भागवत मिस्त्री तिसगावचे. पन्नाशीतले, सडपातळ, खिशाला नेहमी पेनऐवजी स्क्रू-ड्रायव्हर. शाळा आठवीपर्यंत झाली, तीही तुकड्यातुकड्यानं, कारण त्यांचे आईबापही ऊसतोडीला जायचे आणि तेव्हा पोरांना मागे ठेवायची सोय नव्हती. पोर फडात जायचं, पाचटाच्या कोपीत म्हणजे खोपटात राहायचं, पाचट अंथरून झोपायचं. पाचट म्हणजे उसाची वाळलेली पानं. त्यांची कड पात्यासारखी लागते. "बाई, माझ्या हातावं शाईचं डाग कमी आन् पाचटाचं ओरखडं जास्त," असं ते हसत सांगायचे. पुढे ते रॉकेलचे स्टोव्ह दुरुस्त करायला शिकले, स्टोव्ह गेले तसे गॅसच्या शेगड्या, आणि अलीकडे या पेलेटच्या शेगड्या. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पेन्सिलीएवढ्या जाड कांड्या. शेगडीच्या पोटात स्टीलचं एक भांडं असतं, त्यात पेलेट भरायच्या, खालून पंखा हवा मारतो आणि निळसर पिवळा जाळ उभा राहतो. धूर जवळजवळ नाही.

अशा दोन शेगड्या आम्हाला एका दात्यानं दिल्या आणि मिस्त्रींनी बसवल्या. बसवल्यावर पहिला जाळ पेटला तेव्हा हा माणूस गुडघ्यावर बसला आणि शेगडीच्या अंगाला कान लावला. आमची स्वयंपाकीण राहीबाई तोंडाला पदर लावून हसली. मिस्त्री गंभीरपणे म्हणाले, "हसू नका. शेगडी बोलती. हवा कमी झाली का घरघरती, पेलेट वली आसली का चरचरती." मग मला म्हणाले, "बाई, चांगल्या भुश्शाची पेलेट वापरली तर पाच वर्षं ह्या भांड्याला भोक पडनार न्हाई. माझा शब्द."

पेलेट चांगली की वाईट हे ते तीन तऱ्हेनं बघायचे. कानाजवळ धरून मोडायची. कट् आवाज आला पाहिजे. पाण्याच्या पेल्यात टाकायची. फुगून तिचा नुसता भुसा झाला पाहिजे, तळाला माती बसता कामा नये. आणि तिसरी, मूठभर जाळून राख बघायची. राख मऊ, राखाडी आणि थोडी असली की माल पास. पहिली दोन वर्षं नगरहून सॉ मिलच्या भुश्शाच्या पेलेट यायच्या. पोतंभर जाळलं तरी जेमतेम पेलाभर राख निघायची. भांडं नुसतं काळं पडलं, बाकी जसंच्या तसं.

आता राहीबाईबद्दल सांगायला हवं. बावन्न वर्षांची, भक्कम, बोलायला मोकळी. वीस वर्षं कोयता हाणून गुडघा गेला तेव्हा तिला हे स्वयंपाकाचं काम मिळालं होतं. "बाई, ह्या चुलीनं मला फडातून उठीवलं," असं ती म्हणायची. तिची नात पंकजा, नऊ वर्षांची, आमच्याच वसतिगृहात. मुलगा आणि सून तोडीला. म्हणजे या स्वयंपाकघरामुळे आजी आणि नात एका छपराखाली होत्या. ते काम गेलं तर राहीबाईला पुन्हा फडाशिवाय जागा नव्हती, हे मला पक्कं माहीत होतं. माहीत असूनही मी केलं ते केलं.

राहीबाईची एक रीत होती. दर शनिवारी दिवस मावळायच्या आत साठही पोरांना व्हरांड्यात ओळीनं बसवायची, मुठीत मीठ आणि मोहऱ्या घ्यायची, सगळ्यांवरून ओवाळायची आणि ती मूठ शेगडीत टाकायची. मोहऱ्या तडतडल्या की पोरं टाळ्या पिटायची. आईबाप शंभर कोसांवर, दृष्ट काढणार कोण, म्हणून ही काढायची. मला ते खटकायचं. पण पोरं त्या दिवशी शांत झोपायची, म्हणून मी नाक मुरडून गप्प बसायचे.

तिसऱ्या वर्षी पेलेट बदलली. नेवाशाच्या बाजूला, पाटपाण्याच्या पट्ट्यात, गोरक्ष नावाच्या तरुणानं पेलेटचं मशीन टाकलं होतं आणि त्याला पाचटाची पेलेट करायची कल्पना दिली भागवत मिस्त्रींनी. शेतकरी पाचट फडात पेटवून देतात, आभाळ काळं करतात. त्याच्याच कांड्या केल्या तर? मिस्त्री या कल्पनेनं वेडे झाले होते. "ज्या पाचटानं अंग सोललं त्याच्यावरच पोरांची भाकर भाजायची बाई," असं ते पुन्हा पुन्हा सांगायचे. मलाही ते फार पटलं.

दसऱ्याच्या सुमारास ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक पुस्तक घेऊन माझ्याकडे आले. शेगडीबरोबर कंपनीनं दिलेली माहितीपुस्तिका, सगळी इंग्रजीत. "बाई, ह्यात पाचटाबद्दल काय लिवलंय का तेवढं बगा. मला काय वाचता येत न्हाई." माझ्यासमोर पोरांच्या प्रवेशाच्या अर्जांचा ढीग होता. म्हटलं, ठेवा, बघते. आठ दिवसांनी त्यांनी पुन्हा विचारलं. मी चष्म्यावरून बघत म्हणाले, "मिस्त्री, मला दुसरी कामं नाहीत का?" ते ओशाळून हसले. पुस्तिका माझ्या खणात गेली. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

पाचटाची पेलेट आली. कानाजवळ मोडली, कट् वाजली. पाण्यात टाकली, फुगली. तिसरी परीक्षा मिस्त्रींनी केली नाही. का केली नाही ते तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

राहीबाईच्या लक्षात मात्र चौथ्या दिवशी आलं. "मिस्त्री, ह्या कांडीची राख बसती. दगडावानी खंगर होतोय भांड्यात, उलथन्यानं खरवडावा लागतो. आन् वास बी येगळाच हाय, नाकात झोंबतो." मिस्त्री म्हणाले, हवा थोडी कमी ठेवा. पंधरा दिवसांनी तिनं पुन्हा सांगितलं. भांड्याच्या आतून पापुद्रे सुटत होते; तिनं एक पापुद्रा तळहातावर घेऊन दाखवला. मिस्त्रींनी तो बघितला, खिशात टाकला आणि म्हणाले, "नवीन माल हाय, बसंल जागंवर." मग ती माझ्याकडे आली. मी म्हटलं, शेगडीतलं मिस्त्रींना कळतं, तुम्ही स्वयंपाकाचं बघा.

सव्वीस जानेवारीला ग्रामपंचायतीनं झेंडावंदनानंतर भागवत मिस्त्रींचा सत्कार केला. पाचटाचं सोनं करणारा माणूस, असं सरपंच म्हणाले. मीही भाषण केलं. शाल अंगावर घेऊन मिस्त्री इतके अवघडून उभे होते की नारळ कुठल्या हातात धरावा ते त्यांना सुचेना. आठवीत शाळा सुटलेल्या माणसाला पहिल्यांदा कुणीतरी माईकवरून नाव घेऊन बोलावलं होतं.

त्यानंतर आठवड्याभरात, सकाळी दहाच्या सुमाराला, एका शेगडीच्या भांड्याचा तळ गळून पडला. वर साठ पोरांची आमटी उकळत होती. पातेलं कलंडलं, निखारे खाली सांडले. राहीबाईनं पातेलं सावरायला पाय पुढे घातला आणि पाऊल भाजलं. आमटी गेली. दुसरी शेगडी उघडून बघितली तर तिच्याही भांड्याला चाळणीसारखी भोकं.

संध्याकाळी वसतिगृहाच्या समितीची बैठक बसली. गावातले पाच जण, मी, मिस्त्री, आणि दाराशी पायाला हळद लावलेलं फडकं गुंडाळून राहीबाई. मिस्त्रींनी भांडं मध्ये ठेवलं. आतून पिवळट पांढरा थर, खाली तपकिरी पापुद्रे. एकानं विचारलं, पाच वर्षं टिकणारं भांडं तिसऱ्या वर्षी असं कसं झालं? राखेत मला दोन-चार जळक्या मोहऱ्या दिसल्या.

आणि माझ्यातली बाई जागी झाली. अडतीस वर्षं जे शिकवलं ते सगळं एकदम आठवलं. मी उभी राहून सांगितलं, की मिठात क्लोरीन असतो. तापलेल्या स्टीलवर क्लोरीन पडला की त्याचं वरचं संरक्षक कवच फुटतं आणि धातू आतून खाल्ला जातो. दर शनिवारी या शेगडीत मीठ टाकलं जातं, मी स्वतः पाहिलंय. विज्ञानाच्या शेगडीत अंधश्रद्धा घातल्यावर दुसरं काय होणार? सगळे माना हलवायला लागले. सांगताना मला बरं वाटत होतं, हेही लिहून टाकते. बऱ्याच दिवसांनी कुणी माझं शिकवणं इतकं मन लावून ऐकत होतं.

"बरोबर ना मिस्त्री?" मी विचारलं.

मिस्त्री भांड्याकडे बघत होते. मग म्हणाले, "व्हय बाई. मीठ लई वाईट."

राहीबाई दारातून म्हणाली, "मूठभर मिठानं चुलीला भोकं पडत आसती, तर आमच्या गावात एक चूल ऱ्हायली नसती. मी मिस्त्रींना सांगितलं हुतं. खंगर होतोय म्हनून सांगितलं हुतं. इचारा त्यान्ला."

कुणी विचारलं नाही. मिस्त्रींनी मान वर केली नाही. मी म्हणाले, "राहीबाई, चूक मान्य करायला शिका." हे वाक्य मी म्हणाले. मी!

तिला काढून टाकायचं ठरलं. तिनं आरडाओरडा केला नाही, रडलीही नाही. पाऊल बरं व्हायला बारा दिवस लागले, आणि मग ती नेवाशाच्या बाजूला ऊस तोडणाऱ्या मुलाच्या टोळीत निघून गेली. जाताना पंकजाला आत घेऊन काहीतरी सांगत होती. काय ते मी ऐकलं नाही. मी तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करत होते. तो तास होता 'अंधश्रद्धा आणि विज्ञान'. फळ्यावर शेगडीचं चित्र काढलं, त्यात मीठ पडताना दाखवलं आणि पोरांना विचारलं, "मग शेगडी कुणामुळे फुटली?" साठ पोरं एका सुरात म्हणाली, "राहीआज्जीमुळं!" एकोणसाठ असतील. पंकजा दुसऱ्या रांगेत बसली होती.

मिस्त्रींनी नवी भांडी बसवली. विजयमाला नावाची नवी स्वयंपाकीण आली, साधी, कामापुरतं बोलणारी. मी तिला बजावलं की मिठाचा डबा शेगडीच्या बाजूच्या फळीवरही ठेवायचा नाही. शनिवारची दृष्ट बंद झाली. पोरं शनिवारी दिवस मावळताना तरीही व्हरांड्यात येऊन उगाच बसायची. पंकजानं ताटात मीठ घेणं सोडलं. वाढणारी आली की ताटावर हात आडवा धरायची. मला वाटलं, चांगली सवय लागली पोरीला, आणि मी दुसऱ्या पोरांना तिचं उदाहरणही दिलं.

होळीच्या आसपास विजयमाला माझ्याकडे आली. पदराच्या टोकात काहीतरी धरलं होतं. उघडून दाखवलं तर स्टीलचे पापुद्रे.

मी भांड्यात डोकावले. पिवळट पांढरा थर. खाली तपकिरी. सात आठवडे झाले होते आणि त्या सात आठवड्यांत मिठाचा एक कणही शेगडीजवळ गेलेला नव्हता. मिस्त्रींना फोन केला. म्हणाले, "यितोच बाई." जणू वाटच बघत होते.

ते तीन पत्र्याचे डबे घेऊन आले. डबे पायरीवर मांडले आणि खाली जमिनीवर बसले. खुर्ची दिली ती घेतली नाही. प्रत्येक डब्यात राख होती आणि राखेत पुरलेला त्याच भांड्याच्या स्टीलचा एक तुकडा. सात आठवडे ते रोज घरी हे डबे शेगडीवर तापवत होते, गार करत होते, पुन्हा तापवत होते. पहिल्या डब्यात भुश्शाच्या पेलेटची राख. तुकडा काढला, काळा, गुळगुळीत. दुसऱ्यात भुश्शाचीच राख, पण दर शनिवारी त्यात मीठ टाकलेलं.

"राहीबाई टाकायची त्या मानानं लई जास्तच टाकलं," मिस्त्री म्हणाले. "म्हटलं, व्हईल तेवढं तिच्या इरुद्ध करून बगावं."

त्या तुकड्यावर तांबूस डाग होते, नाही असं नाही. पण बोटानं दाबला तर घट्ट. तिसऱ्यात पाचटाच्या पेलेटची राख. तो तुकडा हातात घेतला आणि शिळ्या पापडासारखा तुटला.

"तुम्हाला केव्हा कळलं?" मी विचारलं.

"तिनं पापुद्रा दाखवला तवाच." ते जमिनीकडे बघत बोलत होते. "खरं इचाराल तर आदीच शंका हुती. म्हनून राख बगितली न्हाई. बगितली आसती तर मलाच मालाला न्हाई म्हनावं लागलं आसतं. गोरक्षाचं रान चोपन हाय बाई, खारवाट. पाटाच्या पान्यानं मीठ वर आलंय. आमी फडात आसताना त्या बाजूचं पाचट कुनी चुलीत घालायचं न्हाई, तवा खराब होतो म्हनायचे. माझी आईच म्हनायची. मला ठावं हुतं."

"मग बैठकीत का नाही बोललात?"

"आठ दिवसांमागं शाल अंगावं पडली हुती बाई." मग म्हणाले, "तुमी मिठाचं सांगितलं आन् मला सुटल्यावानी वाटलं. तेवढ्यापुरतं. घरी गेल्तो तर भाकर उतरंना."

मला त्यांचा संताप आला. खूप आला. तोंड उघडून झाडणार, तेवढ्यात खणातली ती प्लॅस्टिकची पिशवी आठवली. आत गेले. पुस्तिका काढली. बाविसाव्या पानावर तक्ता होता, ठळक चौकटीत. कोणतं इंधन वापरावं, कोणतं नाही. लाकडाचा भुसा: क्लोरीन नगण्य. उसाचं पाचट, भाताचा पेंढा, कपाशीची पऱ्हाटी: क्लोरीन आणि पोटॅश जास्त, राख वितळून खंगर होते, भांडं काही महिन्यांत निकामी होऊ शकतं, वापरू नये. पाच मिनिटांत वाचून झालं.

मग पेन्सिल घेतली आणि जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते गणित केलं. पाचटाच्या एका किलोत तीन-साडेतीन ग्रॅम क्लोरीन धरला, रोजची पंचवीस किलो पेलेट. म्हणजे रोज दोन-तीन मुठी मीठ शेगडीत ओतल्यासारखं. राहीबाई टाकायची आठवड्याला एक मूठ. सहावीच्या मुलीला जमेल असा त्रैराशिकाचा हिशेब. क्लोरीन स्टील खातो हे मी सांगितलं ते खरंच होतं. किती, कुठून, हे मी विचारलंच नव्हतं. विज्ञानाची बाई म्हणवते आणि मोजायचं विसरते. मूठभर मिठावर बोट ठेवलं आणि पोत्यांनी भरलेली खोली मला दिसली नाही, कारण त्या पोत्यांवर आम्हीच केलेल्या सत्काराची चिठ्ठी होती आणि मुठीमागे एक स्वयंपाकीण.

पुस्तिका मिस्त्रींपुढे ठेवली आणि म्हटलं, "यात होतं. तुम्ही दोनदा विचारलंत." त्यांनी ती हातात घेतली, उलटी धरली, पुन्हा सुलटी केली आणि परत दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून मी नेवाशाच्या बाजूला निघाले. सहासष्ट वर्षांची बाई, मांडीवर पत्र्याचे तीन डबे. ऊन चढलं तेव्हा फड सापडला. राहीबाई तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधत होती. बसून बांधत होती, कारण गुडघा. आम्हाला बघून उठायला लागली, मी नको म्हटलं तरी उठली. निळ्या ड्रममधून तांब्या भरून पाणी दिलं. आम्ही दोघंही ते प्यायलो. नाही म्हणायची हिंमत नव्हती.

मी रस्ताभर वाक्य जुळवत आले होते. म्हणाले, "राहीबाई, आमचा थोडा गैरसमज झाला होता."

"थोडा न्हाई बाई," मिस्त्री मागून म्हणाले. "आन् गैरसमज बी न्हाई. राहीबाई, मला ठावं हुतं. पाचटानं भांडं खाल्लं. मी गप बसलो आन् तुमच्यावं आळ यिऊ दिला."

ते डबे उघडायला लागले. राहीबाईनं डब्यांकडे बघितलंसुद्धा नाही. ती मिस्त्रींकडे बघत होती.

"तुमी शेगडीला कान लावायचे," ती म्हणाली. "मला वाटायचं, ह्यो मानूस लोखंडाचं बी ऐकतो, मग माझं बी ऐकंल."

मिस्त्रींनी डब्यांची झाकणं पुन्हा लावली. मला त्या क्षणी उसात तोंड लपवून बसावंसं वाटलं, इतकी लाज वाटली.

तिनं मला विचारलं, "पंकी जेवती का नीट?"

"जेवते. भाकरी दोन खाते. फक्त मीठ सोडलंय तिनं, ताटात घेतच नाही. मला वाटलं..." मला काय वाटलं होतं ते त्या उन्हात, तिच्यासमोर, माझ्याच कानांना सहन होईना. ती पोर मीठ का खात नव्हती हे मला तिथे, फडात उभं राहून कळलं: ज्या मिठापायी आजी गेली ते तिला ताटात नको होतं.

राहीबाईच्या हातातला मोळी बांधायचा आळा खाली पडला. "काय सांगितलं तुमी तिला?"

मी सांगितलं. तो तास, फळा, चित्र, प्रश्न, पोरांचं उत्तर. काही गाळलं नाही.

तिनं पडलेला आळा उचलला. टोळीतल्या बाया लांबून बघत होत्या. मग म्हणाली, "मग हितं कशाला आलात? मला काय सांगताय? मला ठावंच हाय. तिला सांगा जाऊन."

"तुम्ही चला आमच्याबरोबर. काम तुमचंच आहे."

"टोळी मदी सोडता येत न्हाई. पाडव्याला बगू." आणि ती पुन्हा खाली बसून मोळ्या बांधायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी पोरांना वर्गात बसवलं. तेच चित्र पुन्हा काढलं. मुठीचं आणि पोत्याचं गणित फळ्यावर मांडलं. म्हटलं, "शेगडी राहीआज्जीमुळे फुटली नाही. मी तुम्हाला खोटं शिकवलं." मिस्त्री दारात उभे होते, त्यांना मी आत यायला सांगितलं नव्हतं. ते स्वतः आत आले, फळ्याजवळ उभे राहिले आणि साठ पोरांना म्हणाले, "पोरांनो, आज्जीनं मला दोन येळा सांगितलं हुतं. मी ऐकलं न्हाई. मी खोटं बोललो." रविवारी ग्रामसभेतही आम्ही दोघांनी हेच सांगितलं, पण तिथे मोठी माणसं होती, त्यांनी घसा खाकरला, आणि सरपंचांनी पुढचा विषय घेतला. पोरं मात्र टक लावून बघत राहिली. ते फार जड गेलं.

पेलेट आता पुन्हा भुश्शाचीच येते. गोरक्षालाही पुस्तिकेतला तक्ता मराठीत लिहून दिला आहे. मिस्त्री दर दोन दिवसांनी येऊन मूठभर पेलेट जाळून राख बघतात, कुणी न सांगता. चहा घेत नाहीत.

त्या वर्गाच्या दिवशी संध्याकाळी मीच पंगतीत वाढायला उभी राहिले. पिठलं-भाकरी होती. पंकजापाशी आले आणि मिठाच्या वाटीतून चिमूट उचलली. तिनं ताटावर हात आडवा धरला.

"पंकजा, सकाळी सांगितलं ना तुम्हाला? मिठानं काही झालं नव्हतं. आज्जीची काही चूक नव्हती."

"ठावं हाय बाई," ती म्हणाली. "आज्जी जाताना सांगून गेल्ती."

"मग घे की."

तिनं हात काढला नाही. "नको. आता सवय झाली."

स्वयंपाकघराच्या दारात मिस्त्री हात पुसत उभे होते, त्यांनी ते ऐकलं. मी चिमूट वाटीत परत टाकली आणि पुढच्या ताटाकडे गेले.